तरसाच्या पिंजऱ्यातली माती

आठवड्यातून तीन दिवस मी त्या प्राणिसंग्रहालयात जाते. मी जनावरांची डॉक्टर. कायमची नोकरी नाही, कंत्राट आहे. खांदेश्वरहून स्कूटरवर निघते, न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या बाजूबाजूने वाट काढत पोचते, तोवर अंगावरच्या कपड्यांचा मूळ रंग गेलेला असतो. आत शिरल्यावर पहिलं काम एकच, तरसाच्या मादीचे पाय बघणं. सात वर्षांत हे काम चुकलेलं नाही.

ती पिल्लू असताना कुठल्याशा विहिरीतून काढून आणलेली. मी रुजू झाले तेव्हा चांगली वयात आलेली होती. पिंजरा मोठ्या खोलीएवढा, मागे भिंत, पुढे गज आणि खाली काँक्रीट. धुवायला सोपं म्हणून काँक्रीट. रात्रभर ती त्यावर येरझारा घाली, एकाच रेषेत, भिंतीपासून गजांपर्यंत. तळव्यांची कातडी झिजून जखमा व्हायच्या. मी मलम लावायचे, जखम भरत आली की पुन्हा फाटायची.

तिला सांभाळणारा माणूस उरणकडचा. त्याचे वडील मिठागरात कामाला होते. तो तिला ‘बाय’ म्हणतो. त्याने तिला गजांमधून पंजा बाहेर द्यायला शिकवलं होतं. एका हातात कोंबडीचा तुकडा धरायचा, दुसऱ्या हाताने गजावर टकटक करायचं, की ती येऊन पंजा पुढे करायची. त्यामुळे भूल न देता मला औषध लावता यायचं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने आपल्या मनाने केलं होतं.

“म्याडम, मलम कवापासना लावताव,” तो एकदा म्हणाला. “खालची जमीन बदला ना. मलम काय करल?”

मला ते कळत होतं. मी तसं लिहूनही दिलं होतं. काँक्रीटवर माती टाकावी, एका कोपऱ्यात सावली करावी, पाणी साचतं तिथे उतार द्यावा. एवढ्या तीन ओळी. पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं, ‘सदर बाब विस्तारीकरणाच्या आराखड्यात विचारात घेण्यात येईल.’ तिसऱ्या वर्षीही तेच वाक्य, फक्त खालची सही वेगळी.

मग खरोखरच आराखडा आला. सभागृहात टेबलावर काचेखाली मॉडेल मांडलं होतं. थर्माकोलचे डोंगर, हिरव्या स्पंजची झाडं, निळ्या रंगाचं तळं आणि बोटाएवढे प्लास्टिकचे जिराफ. झेब्रे होते, पक्ष्यांसाठी आतून चालत जाता येईल असा जाळीचा घुमट होता. सगळे मॉडेलभोवती उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते. मी दोनदा फेरी मारली आणि संग्रहालयाच्या प्रमुख साहेबांना विचारलं, “यात तरस कुठंय?”

साहेबांनी मॉडेलकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. माझा फोन त्यांनी कधी टाळला नाही. “मॅडम, तरस बघायला कोण येतं?” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि खरं सांगू? दुरुस्तीची फाइल फिरतच राहते. नव्या कामाला मंजुरी मिळते. एकदा हे सुरू झालं ना, की जुने पिंजरेसुद्धा त्यातच करून घेऊ. टेन्शन घेऊ नका.”

दोन आठवड्यांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विस्ताराच्या प्रस्तावाला डॉक्टरचा दाखला जोडायचा होता. ‘विद्यमान प्राण्यांचे आरोग्य व निवासव्यवस्था समाधानकारक आहे.’ कागद टाइप होऊन तयार होता. मी तो दोनदा वाचला.

“हे खरं नाही,” मी म्हटलं.

“खरं नाही हे मलाही माहीतंय,” साहेब म्हणाले. “पण असं लिहिलं नाही तर प्रस्ताव इथंच थांबतो. मग नवीन पण नाही आणि जुनं पण नाही. तुम्हाला काय हवंय?”

मी सही केली. पुष्कळ वेळा स्वतःला समजावलं आहे की त्याशिवाय काही हललंच नसतं. पण त्या क्षणी मी इतका लांबचा विचार करत नव्हते. मी थकले होते. सासूबाईंचं पथ्यपाणी बघायला घरी पोचायचं होतं, कंत्राटाचा नवा कागद यायचा होता आणि साहेब पेन पुढे धरून उभे होते.

ही गोष्ट तरसाला सांभाळणाऱ्या त्या माणसाला कशी कळली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी औषधाची पेटी घेऊन पिंजऱ्याशी गेले. त्याने टकटक केली, तिने पंजा दिला, मी जखम पुसली. मी हात धुवायला लागले तेव्हा तो म्हणाला, “तुमी सही केली म्हनतात.”

“केली.”

“बायचं पाय बगून केली?”

मी नळ बंद करून पेटी उचलली. त्यानंतर तीन-चार आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. औषध संपलं, खाल्लं नाही, खाल्लं. चहाला हाक मारायचा तीही बंद झाली. रागावून बोलला असता तर सोपं गेलं असतं.

उन्हाळ्यात कामाला सुरुवात झाली. मागच्या मोकळ्या जागेभोवती निळे पत्रे उभे राहिले. जिराफाच्या घरासाठी पाया खणला गेला आणि निघालेली माती पत्र्यांच्या अलीकडे, तरसाच्या पिंजऱ्यापासून शंभरेक पावलांवर येऊन पडली. चांगली तांबूस माती होती. दिवसभर पोकलेनच्या आवाजाने हरणं जाळीवर आदळत होती, माकडं खाणं सोडून कोपऱ्यात बसत होती. तरस मात्र येरझारा घालतच राहिली, उलट जास्तच.

एका सकाळी तो माझी वाट बघत गेटवरच उभा होता. “म्याडम, ती माती बगली?”

“बघितली.”

“कोनाची हाय ती?”

“ठेकेदाराची असेल. नाहीतर आपल्याच संस्थेची. परवानगी काढावी लागेल.”

तो अगदी शांतपणे म्हणाला, “आमची मिठागरा भरली, तवा आमाला कोनी इचारलं नाय. डंपर आलं, माती टाकून गेलं. आता तिथं गोदाम हाय. हितं तर दोन हातगाड्या मातीचं काम हाय.”

दोन हातगाड्यांवर भागणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. तिला पिंजऱ्याला जोडलेल्या बाजूच्या लहान खोलीत घेऊन मधलं दार बंद केलं आणि आम्ही सुरुवात केली. तेवढे दिवस मी रोजच जात राहिले. तो माती आणायचा, मी बसून त्यातले खिळे, काचा, तारांचे तुकडे वेचायचे. पन्नाशीतल्या बाईने असं उकिडवं किती वेळ बसावं? गुडघे दुखायला लागले. तिसऱ्या दिवशी तिकीटखिडकीवरचा माणूस काही न विचारता फावडं घेऊन आला. मागच्या भिंतीला दोन हात उंच थर झाला. ड्रेनेजचा एक तुटका सिमेंटचा पाइप पडला होता, तो त्याने मातीत अर्धा पुरला. पाचव्या दिवशी दार उघडलं.

ती बाहेर आली आणि मातीच्या कडेला थांबली. वास घेतला. परत काँक्रीटवर जाऊन येरझारा घालायला लागली. दिवसभर तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, झालं, आपण उगाच केलं. इतक्या वर्षांनंतर तिला माती म्हणजे काय हेच आठवत नसेल.

तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तो पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसला होता. त्याने नुसतं बोट दाखवलं. ती पाइपाच्या तोंडाशी खणत होती. पुढच्या दोन्ही पायांनी माती मागे उडवत होती, थांबत होती, नाक खुपसत होती, पुन्हा खणत होती. मी त्याच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “चाय घेनार?”

पावसाळ्यानंतर जखमा भरल्या. पूर्ण नाही, पण ताजं रक्त दिसेनासं झालं. दिवसाचा बराचसा वेळ ती पाइपात झोपायला लागली. आणि त्यातूनच पुढचं दुखणं सुरू झालं. लोक तक्रारी करायला लागले. तिकीट काढून आलो, प्राणी दिसत नाही. एकाने लेखी दिलं, पिंजरा रिकामा असून पाटी मात्र लावलेली आहे.

साहेब स्वतः बघायला आले. गजांसमोर उभे राहिले. पाइपातून फक्त एक कान दिसत होता.

“ही माती कोणी टाकली?”

“मी टाकून घेतली,” मी म्हटलं.

“काढावी लागेल, मॅडम. विनापरवानगी आहे. निदान तो पाइप तरी काढा.”

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि तिथंच, पेटीवर ठेवून लिहिलं. पायांच्या जखमांवरील उपचाराचा भाग म्हणून मातीचे अंथरूण व आडोसा आवश्यक, तीन महिने. सही केली. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. “तात्पुरतं आहे ना?”

“तात्पुरतं.”

“मग ठीक आहे. फाइलला कागद असला म्हणजे झालं.”

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी तोच मजकूर नव्याने लिहिते. जिराफ अजून आलेले नाहीत. आराखडा कुठल्याशा समितीकडे फेरविचाराला गेला आहे. पायाच्या खड्ड्यात पाणी साचतं, मग डासांसाठी फवारणी होते. जुन्या पिंजऱ्यांचं काम आराखड्याबरोबर होणार होतं, त्यामुळे तेही थांबलं आहे. मी दिलेला दाखला त्या फाइलमध्ये असेलच. तो मागे घेण्याची काही पद्धत आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. लिपिकाने माझ्याकडे नवलाने पाहिलं आणि म्हणाला, “तशी गरज कोणाला पडली नाही आजपर्यंत.”

कधी वाटतं, सोडून द्यावं. खांदेश्वरला कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणाऱ्या मैत्रिणीने मला दोनदा विचारलं आहे. तिथे एसी आहे, आणि मालक निदान आपल्या जनावरासाठी डॉक्टरचं ऐकतात. मी ‘बघू’ म्हणते आणि सकाळी पुन्हा स्कूटर काढते.

गेल्या आठवड्यात साहेबांची बदली झाली. नव्यांची अजून भेट झालेली नाही. साळिंदराच्या पिंजऱ्याचं छप्पर गळतंय, जनावर ओल्यातच बसून असतं. तरसाचा कागद या महिन्यात पुन्हा द्यायचा आहे. त्याच्यासोबत साळिंदराचाही जोडून बघेन.