शेडचं तापमान

अणदूरच्या पलीकडं आमचं गाव. मी आणि माझी बायको गावरान कोंबड्यांची अंडी अर्धलीनं उबवून देतो. निघालेल्या पिल्लांतली अर्धी अंडीवाल्याची, अर्धी आमची. आमच्याकडं दोन मशीन आहेत. अंडी आधी घरातल्या मशीनमध्ये राहतात. पिल्लं बाहेर यायचे शेवटचे तीन दिवस मात्र शेतातल्या शेडमधल्या मशीनमध्ये, कारण तेव्हाची घाण आणि वास घरात नको.

त्या खेपेला शेडमध्ये माझ्या चुलत वहिनींची अंडी होती. मानमोडीच्या रोगात त्यांच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. सासूच्या काळापासून दारात असलेल्या त्या वाणाची तेवढीच अंडी उरली होती.

शेड दीड किलोमीटरवर. सारखं जाणं जमत नाही म्हणून मी दोन्ही मशीनना एकाच बनावटीचे थर्मामीटर बसवले आणि ज्या त्या जागच्या कॉम्प्युटरला जोडले. घरच्या मशीनचा आकडा काचेवरच दिसतो, त्यामुळं कॉम्प्युटरवर मी फक्त शेडचा बघणार होतो. उपकरण जोडलं की कॉम्प्युटरवर त्याची एक खास फाईल तयार होते. दिसायला फाईल, पण आत साठवलेलं काही नसतं. उघडली की थेट उपकरणाचा आकडा येतो. शेडची ती फाईल मी नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डरात ठेवली आणि घरून उघडायला गेलो.

परवानगी नाही, असं उत्तर आलं. सगळ्यांना परवानगी देऊन बघितली. तरी तेच. बऱ्याच शोधानंतर कळलं, की नेटवर्कवरून आलेल्या फोल्डरातल्या असल्या खास फाईली घरचा कॉम्प्युटर उघडूच देत नाही, तशी सेटिंग असते. ती मी काढून टाकली. लगेच आकडा आला. ३७.६.

शेडचं मशीन मी ३७.१ वर ठेवतो. अर्धा अंश जास्त का, हे मला कळेना. बाहेर यायच्या बेतातली पिल्लं स्वतःचीही ऊब देतात, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तोच आकडा होता. म्हणून शेडवर जाणं मी दुपारवर टाकलं, पण चहा काही गोड लागला नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या. "काय म्हणतेत आमची लेकरं, भावजी?"

"ठीक हायत. हे बघा, सदतीस पॉइंट सहा."

"मला काय कळतंय त्यातलं! कोंबडीच्या बुडाखाली असती तर तिनं टीव्ही नसता बघितला."

बायको आतून हसली. आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडा उतरायला लागला. ३६.९. ३५.८. ३४.

"शेडमध्ये कोण गेलंय? दार कुणी उघडलं?" मी ओरडलो.

"शेडमध्ये कोण जाणार?" बायको म्हणाली. "मी हितं अंडी फिरवायलेय. आपल्या मशीनचं झाकण उघडलंय."

"लाव ते."

तिनं लावलं. आकडा चढायला लागला.

त्या फाईलीत शेडचा पत्ता नव्हताच. तिच्यात नुसता उपकरणाचा क्रमांक असतो, आणि एकाच बनावटीमुळं तो दोन्हीकडं सारखाच होता. जो कॉम्प्युटर ती उघडेल, तो स्वतःच्याच त्या क्रमांकाच्या उपकरणाकडं जातो. शेडच्या नावावर मी कालपासून घरचं मशीन बघत होतो. शेडमध्ये काय चाललंय हे मला माहीतच नव्हतं.

मी मोटारसायकल काढली. वहिनी मागं बसल्या.

शेडमधला कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर सुरू होता. मशीनमध्ये मात्र अंधार. त्याच्या लाइनचा खटका पडला होता. मी दार उघडून अंड्याला हात लावला. गार. किती वेळापासून, तासाभरापासून की काल संध्याकाळपासून? तासभराचा गारवा अंडी सोसतात, रात्रभराचा नाही. आणि मला सांगता येईल असा एकही आकडा माझ्याजवळ नव्हता.

वहिनींनी एक अंडं उचलून कानाला लावलं. मग दुसरं. मग तिसरं.

"काय ऐकू येतंय का?"

"गप बसा जरा. श्वास लई मोठा घेताव तुमी."

चौथ्या अंड्यापाशी त्या थांबल्या. ते त्यांनी माझ्या कानाला लावलं. आत नखानं कुणी कागद खरवडावा तसा आवाज होता.

मी खटका वर केला, आत ओलावा राहावा म्हणून पाण्याचं ताट भरलं आणि दार लावून घेतलं. मग आम्ही तिथंच बसून राहिलो. वहिनी काचेला डोळा लावून. मी मशीनच्या पाठीला हात लावून, खटका पुन्हा पडला तर आधी हाताला कळावं म्हणून.

निम्म्याहून कमी पिल्लं निघाली. आमचा वाटा मी घेतला नाही. बाकीची अंडी फोडली तर आत पुरी वाढलेली, ओली पिल्लं होती. वहिनींनी ती शांतपणे बांधाकडेला पुरली आणि जिवंत पिल्लं पदरावर घेऊन बसल्या.

"यात तलंगा किती, कोंबडे किती?"

"महिनाभर तरी कळायचं नाही, वहिनी."

"अंदाज सांगा की. आकडेवाले हाव तुमी."

सगळेच कोंबडे निघाले तर वाण तिथंच संपणार होता. आकडा काही माझ्या तोंडातून निघाला नाही.