आटपाडीची मेंढी आणि माझं रक्त

सत्तरच्या दशकात मिरजेच्या एका दवाखान्यात रोगजंतू ओळखून त्यांची जात ठरवण्याच्या कामावर आम्ही दोघे होतो. मी मेढ्याचा, तो आटपाडीचा. सूक्ष्मदर्शक एकच आणि त्याच्यापुढचं स्टूलही एकच. साहेबांनी बजावलं होतं, "दिवाळीनंतर या स्टुलावर एकच जण बसेल. दुसऱ्यानं बाटल्या उकळायच्या."

तेव्हापासून मला त्याचं सगळंच खुपायला लागलं. जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटचं झाकण उचलून तो नुसता वास घ्यायचा. "मासळीवानी वास येतोय. ह्ये येगळंच बेणं हाय." आणि तपासणीत ते तसंच निघायचं! मी हुंगायला गेलो की शिंक यायची, तीही नेमकी प्लेटवर. मग दुसऱ्या दिवशी तिच्यावर जे उगवायचं ते पेशंटचं नसून माझं असायचं.

त्यात मेंढी त्याची. या प्लेटांत ओतायच्या खळीत जंतूंना खायला म्हणून मेंढीचं रक्त मिसळावं लागतं. ही मेंढी त्यानं गावाकडून आणून दवाखान्यामागं बांधलेली. माझी प्लेट चांगली वठली तरी साहेब म्हणायचे, "वा, रक्त छान आहे हो!" आणि हा मिशीतल्या मिशीत हसायचा.

मी ठरवलं, त्याच्या मेंढीचा थेंबही घ्यायचा नाही. अडीनडीला माणसाचं रक्त चालवून घेत. मी सिस्टरपुढं दंड धरला, काढलेलं रक्त गोठू नये म्हणून काचेच्या मण्यांबरोबर घुसळलं आणि माझ्या प्लेटा ओतल्या. अशा लालबुंद झाल्या की मीच त्यांना दृष्ट लावली असती.

घसा सुजलेली एक मुलगी आली होती. तिचा नमुना दोघांनीही आपापल्या प्लेटवर ओढला. सकाळी पाहतो तर त्याच्या प्लेटवर बारीक ठिपके आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून पडलेलं स्वच्छ कडं, म्हणजे घसा सुजवणाऱ्या जंतूंची खूणच. माझी प्लेट सारवलेल्या अंगणासारखी कोरी.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "साहेब, याच्या प्लेटमध्ये बाहेरची घाण पडलीय. माझी बघा, निर्मळ!"

साहेबांनी माझी प्लेट उजेडात धरली. "घशात एरवी असतात ते साधे जंतूसुद्धा नाहीत? ती मुलगी जिवंत आहे ना हो? रक्त कुणाचं घातलंत?"

"माझं," मी छाती काढून म्हणालो.

"आवं साहेब," आटपाडीकर म्हणाला, "ह्येला गळू झालंय न्हवं का, नको तिथं. पेनिसिलीनची सुई चालू हाय. मीच मारतोय की रोज!"

साहेब हसून हसून चष्मा पुसायला लागले. "जंतूंना जेवायला बोलावलंत आणि पहिल्याच वाढपाला विष वाढलंत!"

"जाऊ दे रं गड्या," तो माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "आसं बी तुला स्टुलावर बसवत कुठं हुतं?"

दिवाळीची वाट बघावी लागलीच नाही. त्याच दिवशी स्टूल त्याचं झालं. माझ्याकडं बाटल्या आल्या आणि वर मेंढीही. पुढं रोज तिला घास टाकला, पाणी दाखवलं, लोकरीतल्या गोचड्या वेचल्या. पण व्हरांड्यात त्याच्या वहाणा करकरल्या की ती माझ्या हातातला पाला तसाच सोडून, दावं ताणून त्याच्याकडं बघत ओरडायची. मला बघून एकदाही ओरडली नाही.