सीलबंद वस्तू

मार्चमधला शनिवार, सकाळ. ठिकाण: जर्मनीत, एश्बॉर्नच्या पलीकडे, ओढ्याकाठच्या आमच्या गावातल्या शाळेची टुर्नहाले, म्हणजे व्यायामाचा हॉल. हजर: अग्निशमन दलाचे प्रशिक्षक हेर क्लाइन. मराठी मंडळाच्या अध्यक्ष मेधाताई. त्यांच्या सासूबाई, पुण्याहून मुलाकडे आलेल्या. त्यांना सगळे काकू म्हणतात. मंडळाचा सचिव अमोल. मंडळातली आणखी वीसेक माणसं. आणि मी. चहा-जेवणाच्या टेबलाची प्रमुख, अंगात स्वयंसेवकाचं पिवळं जॅकेट.

सराव असा होता. ओढ्याला पूर आलाय, तळघरं बुडालीत, लोकांना हॉलमध्ये आणलंय. गेल्या उन्हाळ्यात हे खरंच झालं होतं. गावात आमची घरं बरीच, आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना जर्मन येत नाही. म्हणून गावाने मंडळाकडे स्वयंसेवक मागितले.

काकूंना भिजून गारठलेली म्हातारी व्हायचं होतं. त्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकलं आणि चहाचा कप पुढे केला. चहा मी केला होता. आलं घरून किसून नेलं होतं.

काकूंनी हात ब्लँकेटच्या आत ओढून घेतले.

मला वाटलं, फार गरम असेल. म्हटलं, "काकू, घ्या. कोमट आहे."

"राहू दे गं. मेधा देईल."

मेधाताई आल्या. माझ्या हातातला कप घेऊन त्यांनी बाजूला ठेवला. स्वतःच्या पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि सासूबाईंना दिला. काकू फुंकर मारून प्यायल्या. खोट्या पुरातसुद्धा त्यांना माझ्या हातचा चहा चालला नाही.

हेर क्लाइन शेजारीच उभे होते. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "काय अडलं? खऱ्या पुरात थर्मास नसणार."

मेधाताई हसल्या. त्यांचं जर्मन उत्तम आहे. म्हणाल्या, "हे धार्मिक आहे. आमची वयस्कर माणसं ठरावीक लोकांच्याच हातचं खातात."

"ठरावीक म्हणजे कोण?"

"घरचे. आणि काही कुटुंबं. काळजी करू नका, तशी टीम मंडळ देईल."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत त्यांनी लॅपटॉप उघडला. ते जे लिहितात ते मोठ्याने वाचतात, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. तेही वाचलं: भारतीय वृद्धांना अन्न आणि पेय मंडळाने नेमलेल्या व्यक्तींनीच द्यावं. मग मेधाताईंचे आभार मानले. इतकी उपयोगी सांस्कृतिक माहिती त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

चांगला माणूस आहे तो. आणि त्याच्या चांगुलपणाच्या हाताने आमची घाण गावाच्या आपत्ती आराखड्यात लिहून घेतली जात होती.

मेधाताई माझ्याकडे वळल्या. आता मराठीत, आवाज खाली, गोड.

"तू असं कर, हे जॅकेट वैशालीला दे. तुला टॉयलेट आणि कचऱ्याच्या टीमवर घेते. तुझं नियोजन इतकं छान असतं, तिथे तुझ्यासारखंच कुणीतरी हवं."

तुझ्यासारखंच कुणीतरी.

मी याद्या करणारी बाई आहे. ऑफिसात प्रकल्प चालवते, घरात किराणा चालवते, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं कोण-काय-आणणार मीच सांभाळते. त्या क्षणी ते सगळं डोळ्यांसमोर एका ओळीत उभं राहिलं. गणपतीला पुरणपोळी वैशाली. मसालेभात मेधाताई. कोशिंबीर अमोलची बायको. आणि मी? कागदी प्लेट्स. चमचे. ज्यूस. टिश्यूपेपर. पुढच्या वर्षी परत प्लेट्स. "तुला ऑफिस असतं गं, तू कशाला दगदग करतेस?" मला ती माया वाटायची. एकदा मी न विचारता वांग्याची भाजी नेली. डबा भरलेला परत आला. मी नवऱ्याला म्हटलं, तिखट झाली असेल.

कारखान्यातून सीलबंद आलेल्या वस्तूच तेवढ्या माझ्या वाट्याला यायच्या. माझा हात लागून शिजलेलं काही नाही.

आडनावावरून त्यांना आम्ही कोण ते कळलं नव्हतं. भिंतीवरून कळलं. मेधाताई एकदाच आमच्या घरी आल्या, बैठकीतले दोन फोटो बघितले आणि दारापासची खुर्ची धरली. मी चहासाठी गॅस पेटवला तर म्हणाल्या, "नको गं, आज उपवास आहे." उपवासाला चहा चालतो. महाराष्ट्रात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. तरी मी गॅस बंद केला आणि त्यांना सीलबंद पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी घेतली.

मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हेर क्लाइनना जर्मनमध्ये म्हटलं, "ते वाक्य काढा. हा धर्माचा प्रश्न नाही. ही जात आहे. या बाईंना वाटतं, माझ्या हाताने चहा बाटतो. तुम्ही आत्ता अस्पृश्यता लिहून घेतलीत."

तिथल्या सगळ्यांना जर्मन येतं, काकू सोडून. काकूंनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

कुणी सांगेना. मीच मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द.

"मग त्यात खोटं काय आहे?" काकू म्हणाल्या. "आमच्यात पहिल्यापासून असंच आहे."

लोक म्हणतात, जुनी माणसं, सोडून द्यावं. मी सोडणार नाही. पण त्या म्हातारीने निदान थर्मासला धर्म म्हटलं नाही.

मेधाताईंनी माझा दंड धरला. माझ्या हातचं चालत नाही, दंड चालतो. "अगं, घरातलं घरात बोलू. या लोकांसमोर आपली अब्रू कशाला काढतेस?"

"कुठल्या घरात, मेधाताई? माझ्या घरात तर तुमचा उपवास असतो."

त्यांनी हात सोडला. चेहरा लाल. "इतकी वर्षं तुला बहिणीसारखं वागवलं."

"हो. प्लेट्स आणणाऱ्या बहिणीसारखं."

हेर क्लाइन गोंधळले. त्यांनी त्या दोघींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाजूला ठेवलेला माझा कप उचलून गार चहा पिऊन टाकला. वाक्य मात्र काढलं नाही. म्हणाले, मंडळ हे गावाचं भागीदार आहे, एका सदस्याच्या सांगण्यावरून त्यांना काही खोडता येत नाही. आपसात ठरवा, मग कळवा. आपसात! जणू आमचं दोघींचं पडद्याच्या रंगावरून वाजलं होतं.

मी टेबलामागे परत गेले आणि चहा ओतायला लागले. दोघी जणी येऊन कप घेऊन गेल्या. बाकीच्यांचा नुकताच झाला होता. अमोल पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाला, "ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त वेळ चुकली." चहा त्यानेही घेतला नव्हता. मी विचारलं, "बरोबर वेळ कुठली, अमोल? पूर आल्यावर?" तो किल्ल्या शोधायला लागला.

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं. पंधरा वर्षांची आहे, मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी स्वयंसेवक झाले, तर मलाही कुणाला पाणी देता येणार नाही?"

त्या वाक्याप्रमाणे, नाही.

ओढा पुन्हा चढेल. ओली, थरथरणारी माणसं या हॉलमध्ये येतील. मी त्या टेबलामागे असेन, याच जॅकेटमध्ये, आणि चहा माझ्या हातचा असेल. ज्याला नको असेल त्याने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर, कारण सांगून नको म्हणायचं. धर्माच्या नावाने नाही. उपवासाच्या नावाने नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला मी यापुढे एकही प्लेट नेणार नाही.

गुरुवारी राटहाउसमध्ये, म्हणजे गावाच्या पालिकेत, आराखड्याची बैठक आहे. मंडळातर्फे मेधाताई जाणार आहेत. मला बोलावणं नाही. मी रजा टाकली आहे.

ते वाक्य अजून तिथेच आहे. खोडायचं बाकी आहे.