गंगूची पाखरं आणि देवाचं सारवण

धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, तेव्हापासून आमचा भैरोबाही पाण्यातच असतो. चैत्रात पाणी उतरलं की त्याचा चौथरा आणि भोवतीची खडकाळ टेकडी उघडी पडते. पौर्णिमेला बायकांनी होडीने जायचं, चौथऱ्याभोवती शेणाने सारवायचं आणि पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. सासूबाई करत होत्या, पुढे मी करू लागले.

होडी एकच, गंगूची. नवरा गेल्यावर जाळंही तिनेच हातात घेतलं. तोंडाची फटकळ. एकादशीला आमच्या दारावरून मासे ओरडत जायची. मला ती कधी आवडली नाही, तिला मी नाही.

अठ्ठावन्न साली ती होडी सोडेना. कारण पाखरं. काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची ती सुरय पाखरं थंडी सरली की टेकडीवर उतरतात. घरटं बांधत नाहीत, खड्यांतच अंडी घालतात. ती पाण्यात जिथे सूर मारतील तिथे गंगूचं जाळं पडायचं. पाखरं उठली तर माझी चूल विझली, असं ती उघड सांगे.

"वैशाखात या," ती म्हणाली. "पिल्लं पळायला लागू द्या. देव कुटं पळून चाललाय?"

"देवाला तुझ्या पाखरांची परवानगी लागती व्हय गं?" माझी जाऊ सगुणाबाई म्हणाली.

"देवाला न्हाई. तुमच्या केरसुणीला लागती."

"एक अंडं फुटणार नाही, भैरोबाची शपथ," मी म्हणाले. शपथेपुढे तिचं चालेना. तिने वल्हं उचललं, आम्हाला सोडलं आणि जाळं टाकायला पलीकडे गेली.

पाखरं डोक्यावर तुटून पडली. सगुणाबाईच्या कपाळातून रक्त आलं. तरी आम्ही ठिपक्याठिपक्यांची अंडी अलगद उचलून सुपात ठेवली, जागा झाडली, सारवली आणि सारवणावर ती पुन्हा मांडली. एकही फुटलं नाही.

गंगू परतली तेव्हा आरती चालू होती. पाखरं वर कालवा करत होती, खाली एकही उतरत नव्हतं.

"खड्यात खडा म्हून लपायची ती अंडी. उन्हात आई वल्लं पोट घिऊन बसायची. आता तुमच्या अंगणात बसंल व्हय?"

"फुटलं का एक तरी?" मी विचारलं.

"फुटली असती तर कावळ्याच्या पोटाला तरी लागली असती. आता उकडत्यात."

परतताना तिने होडी गावाकडे नेलीच नाही. आम्हाला पलीकडच्या काट्याकुट्यांच्या काठावर उतरवलं. "शपथवाल्या बायांनी चालत जावं."

पाखरं त्या आठवड्यातच उठली. मग गंगूने खोप मोडली, जाळी, मडकी होडीत भरली आणि धरणाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. मी काठावरून ओरडले, "अगं, आमच्या देवाला कोण नेणार?"

तिने मान वळवली नाही.

"पवत जावा."