दमलेकाका आणि आमची मशीन

दमलेकाका आमच्या कारखान्याच्या शेडच्या दारातून आत आले की नमस्काराऐवजी "दमलो बघा" म्हणायचे. सकाळी आमचा पहिला चहा व्हायच्या आधी आले तरी तेच, दिवेलागणीला आले तरी तेच. त्यांचं खरं नाव त्यांच्या स्कूटरच्या कागदांवर असेल, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या शेडमध्ये ते कुणाच्या तोंडी नव्हतं. जुनी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, कुठे बंद पडली, की "दमलेकाकांना फोन लावा" एवढंच लोक म्हणत. शेवटी शेवटी तेही फोनवर "हां, दमलेकाका बोलायलोय" असंच सांगायला लागले होते.

आमच्याकडे तसलंच एक जुनं सीएनसी लेथ होतं. एका मोठ्या कंपनीनं मोडीत काढलेलं, ते आम्ही उचलून चाकणला आणलं. लोखंड दणकट होतं, पण मशीनला चालवणारं मागचं इलेक्ट्रॉनिक्सचं कपाट पार म्हातारं झालेलं. तरीही सगळं काम त्या एका मशीनवर होतं. ती थांबली की शेड थांबायची, आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

काका आले की लगेच मशीनला हात लावत नसत. तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचे, कपाटाचं दार उघडायचे आणि नुसते बघत राहायचे. मी घाईला आलेलो असायचो. मग म्हणायचे, "मालक, तुम्ही बाहेर बसा बरं. तुमच्या तोंडाकडं बघून मशीन घाबरायलीय." मला घालवून ते आमच्या बबनदादांशी बोलायचे. बबनदादा म्हणजे आमचे ऑपरेटर, चाकणजवळच्याच गावचे. जमीन भावाकडे आणि मशीन यांच्याकडे, अशी त्यांच्या घरची वाटणी होती. मशीन थांबायच्या आधी आवाज कसा आला, वास आला का, आदल्या दिवशी काय बिनसलं होतं, हे सगळं काका त्यांना एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तसं विचारायचे.

काम झाल्यावर "झाली दुरुस्त" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "आजचा दिवस चालंल," म्हणायचे. सुरुवातीला मला याचा राग यायचा. एवढा वेळ घालवून आजचाच दिवस? पण आजचा दिवस म्हणता म्हणता वर्षं निघून जायची, आणि पुढे मीच लोकांना सांगायला लागलो की काकांचा आजचा दिवस फार मोठा असतो.

दमायला त्यांना कारणंही होती. लातूरकडून तरुणपणी पिंपरीला आले, कंपनीत लागले, ती बंद झाल्यावर स्कूटरला हत्यारांची पिशवी अडकवून सगळी एमआयडीसी फिरू लागले. बाकीच्यांनी हात टेकले की मगच लोकांना यांची आठवण व्हायची. कपाटातली जुनी इलेक्ट्रॉनिक कार्डं बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा मोडीतल्या मशीनची कार्डं काढून आणायचे आणि जिवंत मशीनमध्ये बसवायचे. "माझ्याकडं सगळ्या म्हाताऱ्याच यायल्यात," म्हणायचे, "आणि मीच त्यांच्यातला तरणा." असं म्हणून हसायचे, पण डोळे चोळत. जळकी कार्डं बघून बघून त्यांची नजर उतरत चालली होती.

आमच्या मशीनची एक गोष्ट मात्र ते दर वेळी बजावून जायचे. तिची सगळी स्मरणशक्ती टॉर्चमध्ये घालतात तसल्या मोठ्या सेलांवर जिवंत असायची. सेल बदलायचे तर मशीन चालू ठेवूनच बदलायचे. वीजही बंद आणि सेलही काढलेले, असं झालं की ती सगळं विसरणार, कोणता अक्ष किती सरकायचा इथपासून. बबनदादा दर वेळी "व्हय व्हय" म्हणायचे.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीनला विश्रांती असते. मेन स्विच बंद करून बबनदादांनी मशीन लख्ख पुसली, हार घातला, हळदकुंकू लावलं. साफसफाईत त्यांना सेल जुने झालेले दिसले, म्हणून ते काढून टाकले. नवे सेल आणलेलेच होते. पण नवी वस्तू पूजेशिवाय कशी घालायची? म्हणून त्यांनी ते पान्यांच्या आणि मापाच्या हत्यारांच्या शेजारी ताटात मांडले, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावर भक्तिभावानं मशीनमध्ये बसवले. मशीन चालू केली तर स्क्रीनवर नुसत्या चुकांच्या ओळी. तिला स्वतःचं नावगावही आठवत नव्हतं.

काका सणाचे आले. सेलांवरचं कुंकू बघून आधी पोट धरून हसले. "देवापुढं ठेवलात ते बरं केलात की ओ. पण तिला उपाशी का ठेवलात?" बबनदादांना मात्र हसू येईना. "म्या मारली तिला," म्हणाले, "उद्यापासनं म्या येत न्हाई." तेव्हा काका माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "मालक, चूक माझी हाय. सेल चालू मशीनमध्येच बदलायचे, हे मी ह्यायला कधी सांगितलंच नाही."

धडधडीत खोटं! मी समोर उभा राहून ते कितीदा ऐकलं होतं. बबनदादांनीही ऐकलं होतं. ते खाली मान घालून सेलांवरचं कुंकू पुसायला लागले.

काकांनी पुन्हा सगळं जुळवत बसावं, अशी माझी अपेक्षा होती. ते डब्यावर बसले, एक कार्ड काढून डोळ्यांजवळ धरलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "आता नको. लोखंड राहू द्या, बाकी सगळं नवं घालू." जुना कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदूच, काढा म्हणणाऱ्यांशी आयुष्यभर भांडलेला हा माणूस! मी कारण विचारलं. "मला आता कार्ड दिसंना झालंय," ते म्हणाले. "मी बसलो घरी, तर हिला कोण वळखंल? नवं घातलं तर कुणीबी येऊन बघंल. तुमची शेड माझ्या डोळ्यांवर चालायली, ते बरं नव्हं."

त्यांनी नवा कंट्रोलर बसवला, मोटारी बदलल्या, तारा नव्यानं ओढल्या. जुनं कपाट भंगारवाला घेऊन गेला, तेव्हा ते बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मशीन अशी सुरेख चालायला लागली की त्यांना बोलवायचं कामच उरलं नाही. त्यांनी स्कूटर विकली आणि पुनावळ्याला मुलीकडे राहायला गेले.

मला करमेना. एकदा मी फोन करून "मशीन अडकतेय" म्हणून थाप मारली. बसगाड्या बदलत बिचारे चाकणला आले. सगळं तपासलं, हात पुसले आणि म्हणाले, "मशीन ठणठणीत हाय. बिघाड तुमच्यात हाय. पुढच्या टायमाला नुसतं 'या' म्हणा की." मग मी तसंच म्हणत गेलो आणि ते येत राहिले. चहा प्यायचे, बबनदादांशी गप्पा मारायचे, मशीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

यंदा फोन केला तर मुलीनं उचलला. "बाबांना आता उठवत नाही. मशीनला काही झालंय का? ते विचारतायत." मला रडू फुटलं. कसंबसं म्हणालो, "काही नाही. एकदाही थांबली नाही, म्हणावं."

तिनं ते मोठ्यानं त्यांना सांगितलं, मी रडतोय हेही सांगितलं. मागून त्यांचा आवाज आला, खोल गेलेला, पण माझ्या कानांवर नीट पडला. मी तो ऐकला तो शेवटचाच.

"मग रडायलेत कशाला, विचार त्यायला."