अननसावर मिळवलेला फेटा

माझ्या लोखंडी कपाटात एक पांढरी टोपी आणि एक टॉवेल घडी घालून ठेवलेला आहे. टोपी कधी डोक्यावर गेली नाही, टॉवेलला कधी पाणी लागलं नाही. बायकोनं दोनदा ते बोहारणीला द्यायला काढले आणि दोन्ही वेळा मी घर डोक्यावर घेऊन परत ठेवायला लावले. पुरावा आहे तो.

आमच्या भागात लग्नाच्या मांडवात आहेर करतात तेव्हा प्रत्येकाची पायरी सगळ्यांसमोर ठरते. ओळखीपाळखीच्या माणसाला टोपी-टॉवेल, जावयाला फेटा. माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं, त्याच्या मुलीच्या लग्नात मला टोपी-टॉवेल दिला. मी त्या घरचा थोरला जावई. माझ्यानंतर आठ वर्षांनी त्या घरात आलेल्या माझ्या साडूला मात्र केशरी फेटा बांधला, तोही दोनदा सोडून नीट बसेपर्यंत. साडू नांदेडला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. मी लातूरला भांड्यांचा दुकानदार आणि त्याआधी सायकलला ॲल्युमिनियमची पातेली बांधून आठवडी बाजार फिरणारा. फरक कशाचा होता ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मेव्हण्याचं म्हणणं असं की फेटे कमी पडले. अर्धापूरला केळीच्या बागा असलेल्या माणसाला एक फेटा कमी पडतो, आणि तो नेमका माझा.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, कचेऱ्यांच्या पाट्या आल्या, सायबांच्या जीपा आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. नळ आठव्या दिवशी खोकायचा, आणि त्या दिवशी गल्लीत जी भांडणं व्हायची त्यात माझा आवाज सर्वांत वर असायचा, हे मी कबूल करतो. अर्धापूरला मात्र विहिरींना पाणी, बागा हिरव्यागार. हात धुवायला तांब्यावर तांब्या ओतत होते. मला ते बघूनच निम्मा राग आला होता. उरलेला निम्मा टोपीनं आणला.

साडूनं लग्नात मिरवायला हैदराबादहून अननसाची करंडी आणली होती. जेवणं झाल्यावर मेव्हण्यानं बैठकीत सगळ्यांसमोर एक अननस चिरायला घेतला. शेंडा पिरगाळून तोडला आणि माझ्यापुढं धरला.

"दाजी, हे घेऊन जा लातूरला. नवा जिल्हा हाय तुमचा. कायतरी उगवलं पाहिजे का न्हाई तिथं?"

"उगवतंय की," साडू म्हणाला. "पाण्याचा भाव उगवतोय."

बैठक हसली. व्याह्यांकडची माणसंसुद्धा हसली. मी उठून उभा राहिलो. "हाच शेंडा लावून फळ काढून दाखवतो."

"लातुरात? प्यायला पाणी न्हाई अन् अननस?"

"काढलं तर?"

"तर भर मांडवात फेटा बांधतो. माझ्या हातानं. झालं?"

तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण मी पुढं म्हणालो, "आणि तोपर्यंत या घरात पाय ठेवणार नाही." हे कुणी मागितलंच नव्हतं. आयुष्यभर सौदे करणाऱ्या माणसानं समोरच्यानं न मागितलेली गोष्ट आपण होऊन देऊन टाकली. राग आला की माझ्यातला दुकानदार बाहेर जाऊन बसतो.

परतीच्या एसटीत शेंडा माझ्या मांडीवर. बायको खिडकीबाहेर बघत होती. लोहा गेल्यावर ती बोलली.

"शपथ तुम्ही घेतली. माहेर माझं बंद झालं."

"तुला कुणी अडवलं? तू जा की एकटी."

"अन् काय सांगू? नवरा टोपीवरून रुसून बसलाय म्हणून?"

दुसरी भाची होती, तिचं लग्न दोनेक वर्षांत निघणार होतं. तोपर्यंत फळ आलं नाही तर त्या लग्नाला ही जाणार नाही, हे मला तिच्या खिडकीबाहेर बघण्यावरून कळलं. फेट्याचं मी घेऊन बसलो होतो, पण गेलं होतं तिचं.

आता शेंडा. मी आयुष्यात कधी काही लावलेलं नाही. मेव्हण्याच्या बागेत केळीचे कंद लावताना पाहिले होते, तेवढंच शिक्षण. दुकानात एक गळका हंडा पडून होता. एका गिऱ्हाइकानं तो परत आणला होता आणि तो गळका नाहीच म्हणून मी त्याच्याशी तासभर भांडलो होतो. त्या हंड्यात काळी माती भरली, शेंडा गळ्यापर्यंत गाडला आणि नळाच्या दिवशी, बायको बघत नसताना, त्यावर अख्खी घागर रिकामी केली. आपण केळीवाल्याला केळीवाल्याच्याच पद्धतीनं हरवतोय, असं वाटत होतं.

दहाव्या दिवशी हंड्याला वास सुटला.

गोलाईच्या बाजारात फळांचा गाडा लावणारे एक म्हातारे बागवान होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी शेंडा उपसला, बूड हुंगलं आणि माझ्याकडं असं पाहिलं जसं मी खोटं नाणं चालवायला आलेल्या माणसाकडं पाहतो.

"सेठ, ये क्या कांदा है? गाडून काहून टाकला?"

"मग कसं लावायचं?"

"बताता. पण एक दूध तापवायचं पातेलं पाहिजे घरात."

मी पोचा आलेलं पातेलं काढून दिलं. चाचा कच्चे नव्हते. पोचा माझ्याच हातोड्यानं माझ्याकडूनच ठोकून घेतला आणि मगच बोलायला बसले. शेंड्याखाली राहिलेला गर आणि सडलेला भाग त्यांनी चाकूनं साफ केला. खालची पानं एकेक करून ओढून काढली. आत बारीक तपकिरी ठिपके होते. मुळं यातूनच येतात म्हणाले. मग शेंडा सुतळीनं बांधून सावलीत उलटा टांगायला सांगितला, आठ दिवस.

"वाळून जाईल की."

"वाळू दे. ओल्या जखमेला माती लागली की सडलं. अन् माती ही नको, रेती मिळव. बोटभर खोल लाव, गाडू नको. पानी इधर," त्यांनी पानांच्या मधल्या खोबणीत बोट घातलं, "घोटभर. याला जादा पाणी दिलं की मरतं, सेठ."

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच दुष्काळ माझ्या बाजूनं आहे असं मला वाटलं.

तरी घोटभर म्हणजे घोटभर लागतंच, आणि ते रोज कुठून आणायचं यावर घरात वाटाघाटी झाल्या. बायकोनं तांदूळ धुतलेलं पाणी दिलं नाही, ते म्हशीला जायचं. भांड्यांचं पाणी संडासात. शेवटी देवघरातल्या महादेवाच्या पिंडीवरून उतरलेलं पाणी उरलं. ते एरवी अंगणातल्या बेलाला जायचं.

"देवाचं पाणी तुमच्या फेट्याला?" ती म्हणाली.

"बेल जुना आहे, मुळं खोल गेलीत त्याची. महादेवाला विचार हवं तर."

महादेवाला विचारलं की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पूजा झाली की वाटीतलं पाणी अननसाच्या गळ्यात जाऊ लागलं. ओतायची ती. मला वाटे ती माझ्या इज्जतीसाठी ओततेय. एकदा पहाटे उठलो तर ती पिंडीवर नेहमीपेक्षा दुप्पट धार धरून बसलेली दिसली. महादेवाला त्या वर्षी सगळ्या लातुरात आमच्याच घरी पोटभर आंघोळ मिळत असावी. मी पाऊल न वाजवता मागं फिरलो. तिला अर्धापूरला जायचं होतं.

झाड लागलं. दीड वर्षात असं पसरलं की अंगणातून जाताना धोतर, लुगडं, पोस्टमनची पिशवी, सगळं त्याच्या पानांत अडकायचं. काटे करवतीसारखे. फळाचा मात्र पत्ता नाही. त्यात भाऊबीज आली. बायको जात नव्हती म्हणून मेव्हणा आला. रिवाजाप्रमाणं येताना केळीचा आख्खा घड आणला. अंगणात थांबून त्यानं झाडाकडं नीट पाहिलं.

"दाजी, ही घायपात कशाला लावली? दोर वळायचा धंदा काढता का?"

"अननस आहे तो."

"आसं का?" तो वाकला, चारी बाजूंनी बघितलं. "अन् अननस कुठंय?"

ओवाळून घेतल्यावर जाताना त्यानं हिला सांगितलं की धाकटीचं जमलंय, जेठात शेवटच्या तिथीला बार उडवायचा. "तू ये गं. दाजींचं सोड." ती हसली आणि आत गेली. तो गेल्यावर बराच वेळ ती चुलीपुढं पाठ करून बसली होती. मी चपला घालून गोलाईत गेलो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "घर में पिकेली केळी हाय?"

"घडच्या घड आहे."

"खाऊ नको. काळी पडू दे. झाडाच्या बुडाशी ठेव, सालीसगट, अन् वरून प्लास्टिक बांध. हप्ताभर. पिकत्या केळ्याची हवा लागली की याला बी तोंड फुटतं." या वेळी त्यांनी झाकणासकट कढई मागितली. मी घासाघीस न करता दिली. दुकानात असं पहिल्यांदा झालं.

युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक धुऊन घेतलं आणि मेव्हण्याची केळी बुडाशी मांडून झाड वरून बांधून टाकलं. आठ दिवस अंगणात माश्यांचा दरबार. शेजारी विचारायचे, आत कोण आहे? संक्रांत झाल्यावर एका सकाळी बायको मला अंगणातून हाका मारू लागली. आयुष्यात इतक्या मोठ्यानं तिनं मला हाक मारलेली नव्हती. पानांच्या पोटात लालभडक गोंडा आला होता, लिंबाएवढा. तिनं बोट लावलं नाही. नुसती उकिडवी बसून बघत राहिली.

जेठापर्यंत फळ नारळाएवढं झालं. लहान नारळाएवढं, खरं सांगायचं तर. तोडून नेलं तर बाजारातून आणलं म्हणतील, म्हणून हंड्यासकट न्यायचं ठरवलं. एसटीत कंडक्टर अडवायला लागला.

"ह्याचं तिकीट पडंल."

"हा काय प्रवासी आहे का?"

"जागा तर माणसाएवढी घिऊन राहिलंय की."

अर्ध्या तिकिटावर मिटलं. नांदेडपर्यंत बायकोनं हंडा दोन्ही पायांत धरला. लुगडं दोन ठिकाणी फाटलं, तिनं ते बघितलंसुद्धा नाही.

मांडवात आहेर चालू होता. मी वेशीवर थांबल्यासारखा मांडवाच्या कडेला थांबलो, हंडा खाली ठेवला आणि म्हणालो, "पाव्हणं, तुमची घायपात आणलीय."

मेव्हणा आला. माणसं जमली. त्यानं फळ हलवून बघितलं, खालून बघितलं, झाडाला सुतळीनं बांधलंय का तेही बघितलं.

"लहान हाय, दाजी."

"आकाराचं बोलणं झालं नव्हतं."

गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी डोकी हलवली. एकजण म्हणाला, "न्हाई झालं. मी होतो तिथं." साडू काहीतरी बोलणार होता, पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मेव्हण्यानं फेटा मागवला. नवा, घडीचा. स्वतःच्या हातानं बांधला आणि बांधताना कानाशी हळूच बोलला, "बहीण आली माझी. तेवढ्यासाठी दहा फेटे बांधले आसते." मला तेव्हा राग यायला हवा होता, कारण मग दोन वर्षं एकसुद्धा का बांधला नाही हा प्रश्न होता. पण बायको आत वहिनीच्या गळ्यात पडलेली दिसत होती, त्यामुळं नीट रागावता आलं नाही.

फळ चिरलं. एकेकाला नखाएवढी फोड आली. गोड निघालं.

"आता ती टोपी अन् टॉवेल परत द्या," मेव्हणा हसत म्हणाला. "फेटा मिळाला ना?"

"दिलेला आहेर परत मागता? लोकांसमोर?"

तेही माझंच राहिलं. शेंडा त्यानं मागून घेतला. मी कसा लावायचा ते सगळं खरं खरं सांगितलं, वाळव, उथळ लाव, घोटभर पाणी. "घोटभरानं काय होतंय?" म्हणून त्यानं तो केळीच्या पाटाशेजारी लावला. पंधरा दिवसांत सडला.

परतताना बायको म्हणाली, "दादाच्या केळीनंच फळ आलं, हे सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर निम्मा फेटा सोडून घेतला असता त्यानं."

मेव्हणा आता थकलाय, पण लातूरच्या माणसानं काही लिहिलं की चुका काढायला अजून चष्मा पुसून वाचतो. म्हणून इथं लिहून टाकतो. ते फळ तुमच्याच भाऊबीजेच्या घडामुळं आलं होतं, पाव्हणं. फेटा परत मिळणार नाही. आणि पहिल्या लग्नात तो कमी पडला नव्हता, हे मला अजूनही माहीत आहे.