घाटावरचा चांगला महिना

सायकलने घाट चढायचा तर कुठल्या दिवसांत जावं, हा प्रश्न मी आयुष्यात एकाच माणसाला विचारला आणि त्या माणसाने मला धडधडीत फसवलं. फोनवर म्हणाले, "धुक्याच्या महिन्यात या. ऊन नाही, गर्दी नाही, दम लागत नाही. घाट बघावा तर धुक्यात." मी बापडी गेले. धुक्यात घाट दिसत नसतो, एवढं कळायला मला वयाची पन्नाशी गाठावी लागली. पुढच्या चाकापलीकडे काही दिसेना. वळण आलं की घंटी वाजवायची आणि समोरून काही आलं नाही की सुटकेचा निःश्वास टाकायचा, असं करत मी माथ्यावर पोचले. पापण्यांवरून पाणी निथळत होतं आणि त्या माणसासाठी निवडक शब्द तोंडात तयार होते.

ते दारातच उभे होते. उंच, वाळकुडे, कानटोपी, कोपरावर भलत्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला स्वेटर. मला बघून "आलात!" म्हणाले, ते असं की जणू मी दवाखान्यातून बरी होऊन आले होते. सायकल माझ्या हातातून घेतली, आधी तिची साखळी पुसली, मग मला गरम पाण्याची बादली आणून दिली. निवडक शब्द तोंडातच राहिले.

हे काका पूर्वी रस्ते खात्यात रोडरोलर चालवायचे. "हा अख्खा घाट मी दाबलाय," असं ते सांगत आणि घाट जणू त्यामुळेच गप्प पडून आहे अशा थाटात खिडकीबाहेर बघत. निवृत्तीनंतर त्यांनी माथ्यावर सहा खोल्यांचं मुक्कामाचं घर बांधलं. काकू रांधायच्या, काका वाढायचे. मग काकूंना उंचीवरची हवा सोसेना. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तशा त्या खाली शहरात लेकीकडे राहायला गेल्या. तेव्हापासून काकू खाली आणि काका वर.

त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही उकडलेले बटाटे खात होतो, तेव्हा स्वयंपाकघरातला फोन वाजला. काकांनी हात पुसले, कानटोपी काढली आणि सरळ उभं राहून फोन घेतला.

"हो. हो. खाल्लं. नाही गं, खोकला नाही. आज? आज एक ताई आहेत. सायकलवाल्या. चष्म्याच्या दुकानात असतात. थांब, देतो."

आणि रिसीव्हर माझ्या हातात.

"तुम्ही खरंच आहात ना?" एका अनोळखी बाईने विचारलं.

"आहे की."

"ते जेवले का?"

"जेवताहेत. बटाटे."

"सोलून की सालासकट?"

मी बघितलं. "सालासकट."

"आळशी मेला," काकू म्हणाल्या, पण आवाजात समाधान होतं.

फोन ठेवल्यावर काकांनी न विचारताच सगळं सांगितलं. काकूंचं म्हणणं, घर विका आणि खाली या, वर एकटे पडलात तर कुणाला पत्ता लागायचा नाही. काकांना लेकीच्या घरी राहणं पटेना. जावई भला होता, पण भल्या जावयाकडेही माणूस दोन दिवस पाहुणा असतो आणि तिसऱ्या दिवसापासून अडगळ, असं त्यांचं मत. बरीच वादावादी होऊन नवरा-बायकोत एक ठरलं. ज्या महिन्यात एकही पाहुणा मुक्कामाला येणार नाही, त्या महिन्याच्या अखेरीला काकांनी कुलूप लावून खाली यायचं. पाऊस सरल्यावर थंडीच्या आधी माणसं आपणहून येत, त्या दिवसांची चिंता नव्हती. उरलेलं वर्ष मात्र होतंच.

"तिच्याशी मी लग्न झाल्यापासून कधी खोटं बोललो नाही," काका म्हणाले. "त्यामुळे पाहुणा आहे म्हणायचं तर पाहुणा असावा लागतो."

"आणि माझ्याशी बोललात ते?" मी विचारलं. "चांगला महिना कुठला म्हटल्यावर काय सांगितलंत?"

त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक बटाटा ठेवला. "चांगलाच आहे की. तुम्ही आलात."

मी भांडायला हवं होतं. मी भांडकुदळ आहे, आमच्या दुकानाचे मालकसुद्धा माझ्याशी जपून बोलतात. पण मला हसू आलं. खरं सांगायचं तर मी कुठल्या दारात उभी राहिल्याचा इतका आनंद बऱ्याच वर्षांत कुणाला झाला नव्हता. दिवसभर मी लोकांना भिंगं बदलून बदलून विचारते, "हे बरं की आधीचं बरं?" आणि संध्याकाळी दुकानावरच्या खोलीत जाते. तिथे आतल्या बाजूला सायकल असते आणि बाहेरच्या बाजूला मी. भाऊ वाढदिवसाला फोन करतो. एकटं राहायची मला सवय आहे, पण ती मला कधीच आवडलेली नाही.

आमचा एक सायकलवाल्यांचा गट आहे. सुट्टीच्या सकाळी सगळे सायकलच्या दुकानासमोर जमतात, थोडी सायकल चालवतात आणि बऱ्याच बढाया मारतात. तिथे मी माझी कहाणी सांगितली, तर बेकरीवाला ओरडला, "म्हणजे तुलाही? मला म्हणाले भर उन्हाळ्यात या, वारा जाताना पाठीमागून आणि येतानाही पाठीमागूनच!" एका जोडप्याला कडाक्याची थंडी सांगितली होती, घाम येत नाही म्हणून. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना मुसळधार पाऊस, टायर थंड राहतात म्हणून. प्रत्येकाला वेगळा महिना, प्रत्येकाला टोपी, आणि प्रत्येकाच्या हातात रिसीव्हर. हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवसापासून काकांचं नाव पडलं वेधशाळा.

एकदा फसलो तेवढं पुरे म्हणून बाकीचे पुन्हा गेले नाहीत. नवे कुणी विचारायला लागले की मात्र गालातल्या गालात हसत काकांचा नंबर द्यायचे. मी दर वर्षी जाऊ लागले. धुकं पडलं की फोन करायचा, "काका, महिना कसा आहे?" आणि काकांनी म्हणायचं, "झकास! चांगला महिना आहे, या." दोघांनाही माहीत असायचं. मग तीच चढण, तीच गरम पाण्याची बादली, आणि काकूंची उलटतपासणी: स्वेटर कुठला घातलाय, औषध घेतात का, दाढी केली का. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खरं खरं सांगायचे आणि काका बाजूला उभे राहून खुणा करायचे. मी खुणांकडे लक्ष द्यायची नाही. वर्षभरात एवढ्या घरगुती गप्पा माझ्या दुसऱ्या कुणाशी होत नसत.

चित्रकलेच्या सरांचा एक मित्र होता, रंगाचं दुकान चालवणारा. त्याला गंमत म्हणून सरांनीच काकांचा नंबर दिला. काकांनी सांगितलं, पाऊस चांगला, या. रंगवाला भर पावसात गेला आणि एका वळणावर शेवाळावरून घसरला. खांद्याचं हाड मोडलं. दुधाची गाडी येईपर्यंत तो तिथेच पाण्यात पडून होता. पुढे तो बरा झाला, अजूनही तो किस्सा हात हलवून हलवून रंगवून सांगतो. पण काकांना कळल्याबरोबर ते भर पावसात पायी घाट उतरून दवाखान्यात आले. योगायोगाने मी तिथे होते. काका कॉटशेजारच्या स्टुलावर भिजलेली कानटोपी हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "पाऊस चांगला, असं मीच सांगितलं होतं."

"अहो काका, घसरलो मी! तुम्ही थोडेच ढकललंत?" रंगवाला म्हणाला.

काका हसले नाहीत. थोडा वेळ बसले, त्याच्या प्लास्टरकडे बघत राहिले, मग उठून पुन्हा वर गेले.

तेव्हापासून काका खरं बोलायला लागले. कुणीही विचारलं तरी एकच उत्तर. पाऊस सरल्यावर आणि थंडीच्या आधी, तेवढेच दिवस. एरवी येऊ नका. बेकरीवाल्याच्या मेहुण्यालाही हेच सांगितलं. आमच्या गटात सगळे म्हणाले, वेधशाळा सुधारली. मी मात्र घरी जाऊन कॅलेंडर बघितलं, कारण धुक्याचा महिना तोंडावर आला होता.

मी नेहमीप्रमाणे फोन केला. "काका, महिना कसा आहे?"

"येऊ नका."

"अहो, मी आहे. चष्मेवाली."

"ओळखलं. येऊ नका, ताई. दर वर्षी चुकीचं सांगत आलो. रस्ता निसरडा आहे, वळणं दिसत नाहीत."

"मग महिना रिकामा जाईल."

"जाऊ दे," काका म्हणाले.

मला भयंकर राग आला. जाऊ दे म्हणजे काय? एका माणसाचं हाड मोडलं म्हणून दुसऱ्याने आपलं घर सोडायचं? मी दुकानात भांडून रजा काढली. महिना संपत आला होता. शेवटच्या दिवशी पहाटे निघाले. पूर्वी कधी वाटली नव्हती इतकी त्या दिवशी भीती वाटली, कारण आता रंगवाला कुठल्या वळणावर पडला ते मला माहीत होतं. अर्ध्याहून जास्त घाट मी सायकल हाताने ढकलत चढले. पण मनातून खूश होते. काकांचा महिना मी वाचवणार होते. काकूंनी विचारलं, "तुम्ही खरंच आहात ना?" की काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून ठेवलं होतं.

काका दारात नव्हते. मी कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं, आधी माझे गुडघे बघितले, मग कोपरं, मग चेहरा. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर बोलले, "सांगितलं होतं ना."

"ऐकते थोडीच," मी म्हटलं.

पाणी तापवून दिलं. बाकीच्या खोल्यांमधल्या गाद्या गुंडाळून दोरीने बांधल्या होत्या. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "ओल धरते." मला ते पटलं. मला त्या दिवशी काहीही पटलं असतं. आम्ही जेवायला बसलो. मी एकटीच बडबडत होते, दुकानातले किस्से, गटातल्या गमती. ते "हं" म्हणत होते.

मग फोन वाजला. काकांनी हात पुसले, कानटोपी काढली, उभे राहिले.

"हो. जेवतोय. थोडा आहे खोकला. हो, घेतलं औषध."

मी माझेही हात पुसले आणि रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला.

"आज?" काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर न चुकवता, नीट बघितलं. "आज कोणी नाही."

पलीकडून काकूंनी काहीतरी विचारलं.

"अख्खा महिना. कोणीच आलं नाही गं. उद्या येतो मी खाली. हो, कायमचा. अगं, रडतेस काय? येतो म्हटलं ना."

त्यांनी फोन ठेवला. माझा हात अजून पुढेच होता. कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारावी तसं मला झालं.

"काका, मी आहे," मी म्हटलं. "मी समोर बसलेय."

"माहीत आहे." ते खाली बसले. "तुम्ही आहात म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, बरं, राहा. ती शब्दाची पक्की आहे. मग मी पुन्हा वाट बघत बसलो असतो."

"कुणाची?"

"कुणाचीही. फोन वाजला की कुणाला तरी वर बोलवायचं. मलाच जायचंय, ताई. तिच्याजवळ जायचंय. मला ते तिला नुसतं सांगता येत नव्हतं." मग म्हणाले, "पहिल्यांदाच खोटं बोललो तिच्याशी. तुमच्यासमोर."

त्यांचं बरंच झालं होतं, आणि तरी मला रडू येत होतं. माझा तो एक महिना गेला होता. त्यांना जायला माणूस होतं.

सकाळी त्यांनी कुलूप लावलं. धुकं तसंच होतं. त्यांच्या हातात एक पिशवी, माझ्या हातात सायकल. ते पुढे चालत होते आणि प्रत्येक वळणावर पलीकडे जाऊन रस्ता मोकळा आहे ना ते बघत, मग ओरडत, "या!" मी आवाजाच्या दिशेने जायची. घाट संपत आला तसा खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला. काकू लेकीला घेऊन पायथ्याशी आल्या होत्या. शेवटचं वळण राहिलं होतं. काका थांबले आणि माझ्याकडे वळले. त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं, आणि त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी थांबते."

काका वळणापलीकडे गेले. मी रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी राहिले. पलीकडून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो! एकटेच उतरलात? एवढ्या धुक्यात?" काकूंचा आवाज मी कुठेही ओळखला असता.

"हो," काका म्हणाले. "एकटाच."

मला खोकला येत होता. गाडी सुरू होऊन तिचा आवाज पार विरेपर्यंत मी तो दाबून धरला.